कोरियन जिभेवरचा 'राइस'

तांदळाला इंग्रजीत 'राइस' म्हणतात, हे आपल्याकडे पहिली-दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असते. शब्द लहान आहे. तोंडातून तो एका झटक्यात बाहेर पडतो. 'र' आपल्या ओळखीचा, 'स'ही ओळखीचा. मराठी मुलाने तो एकदा ऐकला की त्याचे काम संपले. परंतु हाच शब्द सोल किंवा बुसान शहरातील एखाद्या मुलासमोर आला, म्हणजे अरुंद दारातून मोठी पेटी आत न्यावी तसा प्रकार होतो. पेटी आत जात नाही असे नाही. पण ती तिरपी करावी लागते, तिच्या कडा घासतात, आणि आत पोहोचते तेव्हा तिचे रूप थोडे बदललेले असते. या एकाच शब्दाची ही वाटचाल जरा बारकाईने पाहिली, तर परभाषेतला शब्द शिकणे म्हणजे नेमके काय, आणि तो नीट जमला नाही तर दोष कोणाचा, या प्रश्नाचा पुष्कळसा उलगडा होतो. कोरियात तर या दोषाच्या शोधापायी लहान मुलांच्या जिभेपर्यंत सुरी जाऊन पोहोचली होती. त्या हकिकतीकडे पुढे यावयाचेच आहे.

प्रथम अर्थाची गोष्ट. कोरियन मुलाच्या शब्दवहीत 'राइस' या शब्दासमोर एक अर्थ भागत नाही, तीन लागतात: ब्यो, स्साल आणि बाप. शेतात उभे असलेले पीक आणि तुसासकट असलेला दाणा म्हणजे ब्यो. कांडून-सडून निघालेला दाणा म्हणजे स्साल. तो शिजून वाडग्यात आला की त्याचा बाप होतो. लावणीपूर्वीच्या कोवळ्या रोपाला 'मो' असा चौथा शब्द आहे. पेजेला 'जुक' म्हणतात. आणि भांड्याच्या तळाशी लागलेल्या खरवडीला 'नुरुंगजी'. ही खरवड कोरियात आवडीने खातात, आणि तिच्यात पाणी घालून उकळून तेही जेवणानंतर पितात. कोकणातील किंवा गोव्यातील श्रोत्याला यात नवल वाटावयाचे कारण नाही. मराठीनेही शेतात भात, कोठीत तांदूळ आणि पानात पुन्हा भात अशी व्यवस्था लावलेली आहे. 'तांदूळ खाल्ले' आणि 'भात खाल्ला' यांतला फरक कोणाही मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. जेथे भात पिकतो आणि भातावर पोट चालते, तेथे भाषा त्याच्या प्रत्येक अवस्थेला नाव देते. इंग्लंडात भात पिकत नाही. तेथे तो व्यापाऱ्याच्या गोणीतून आला, म्हणून इंग्रजीला एक शब्द पुरला. आणि पुढे तुसाच्या भातासाठी 'पॅडी' या शब्दाची गरज पडली, तेव्हा तिने तो मलाय भाषेकडून उसना घेतला.

यांतला 'बाप' हा शब्द तर अन्नापुरता राहिलेलाच नाही. मराठी कानाला तो गमतीचा वाटेल, पण कोरियन घरात त्याच्याएवढा जिव्हाळ्याचा शब्द सापडणे कठीण. 'बाप मॉगॉस्सॉयो?' म्हणजे शब्दशः 'भात खाल्ला का?', प्रत्यक्षात ते 'जेवण झाले का?' असे विचारणे असते, आणि पुष्कळदा तेही नव्हे, नुसती विचारपूस असते. आपल्याकडील वडीलधारी माणसे दारात आलेल्याला 'जेवलास का?' असे विचारतात, त्यातलाच हा प्रकार. पोट भरण्याचा उद्योग म्हणजे 'बापबॉरी', भाताची मिळकत. आपण तेथे भाकरी म्हणू. एकाच हंड्यातला भात खाणारे, म्हणजे एका घरचे किंवा एका संघाचे लोक, यांच्यासाठी 'हानसोतबाप' हा शब्द आहे. आणि ज्याला कोणी विचारीत नाही, ज्याची उपेक्षा होते, त्याला 'छानबाप' म्हणजे गार भात वाढला असे म्हणतात. मराठी माणसाने यातल्या 'छान'ने फसू नये.

आता हा सगळा संसार पाठीशी घेऊन मूल 'राइस' शिकते. वहीत लिहिलेले असते की 'राइस म्हणजे बाप'. त्यावर विसंबून त्याने एखाद्या परदेशी पाहुण्याला 'तुम्ही राइस खाल्लात का?' असे इंग्रजीत आपुलकीने विचारले, तर पाहुणा बुचकळ्यात पडेल. त्याने सकाळी पाव खाल्लेला असतो. 'राइस'मध्ये दाणा आला, परंतु जेवण आले नाही, विचारपूस आली नाही, उपजीविका तर नाहीच; त्यासाठी इंग्रज पावाकडे वळतो. शब्दकोश दोन शब्दांमध्ये बरोबरीचे चिन्ह काढून मोकळा होतो, पण ते चिन्ह किती ठिकाणी खोटे ठरते हे शिकणाऱ्याला एकेका फजितीतून कळत जाते. व्याकरणाचीही लहानशी कुरबूर आहेच. कोरियन भाषेत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. उलट मोजण्याची माप-नामे भरपूर आहेत: तांदळाचा एक 'तोल', म्हणजे दाणा. भाताचा एक 'गुरुत', म्हणजे वाडगा. इंग्रजीत 'राइस'पुढे 'अ' लावावयाचे नाही, बहुवचन करावयाचे नाही, पण विशिष्ट भाताविषयी बोलताना 'द' मात्र लावावयाचे, हे नियम मूल पाठ करते. त्यांत विशेष काही नाही. वर्ष-दोन वर्षांत ते अंगवळणी पडतात.

येथे या शब्दाची कुळकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीने 'राइस' घेतला तो जुन्या फ्रेंचकडून, तिच्याकडे तो इटालियनमधून आला, इटालियनपूर्वी तो लॅटिनमध्ये आणि ग्रीकमध्ये 'ओरिझा' या रूपाने होता. आणि ग्रीक शब्दाचे मूळ इराणी भाषांमार्फत पूर्वेकडे जाते असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या पूर्वेकडच्या टोकाला आपला 'व्रीही' उभा आहे. म्हणजे शब्द मूळचा आशियातला. पश्चिमेला जाऊन, सगळे संस्कार करून घेऊन तो पुन्हा आशियात इंग्रजी शब्द म्हणून परतला, आणि सहस्रावधी वर्षे भात पिकवणाऱ्या लोकांना आता तो घोकावा लागतो.

अर्थाची अडचण अशी कालांतराने निवळते. खरी अडचण ध्वनीची. 'राइस' या शब्दाची दोन्ही टोके कोरियन माणसाला अवघड जातात. आधी शेवटचे टोक पाहू. कोरियन भाषेत अक्षराच्या शेवटी उच्चारात फक्त सात व्यंजने येऊ शकतात: क, त, प, न, म, ल आणि 'गंगा'तला अनुनासिक. 'स' त्यांत नाही. लिहिताना शेवटी 'स' येतो, पण बोलताना त्याचा 'त' होतो. वस्त्र या अर्थाचा शब्द 'स'ने लिहितात आणि 'ओत' असा उच्चारतात. पुढे स्वर आला तरच आतला सकार जागा होतो आणि 'ओशि' असे ऐकू येते. तेव्हा 'राइस' जसाच्या तसा घेतला तर त्याचा 'राइत' होणार. तो टाळण्यासाठी शेवटी एक स्वर जोडतात. ओठ गोल न करता 'उ' म्हणावयाचा प्रयत्न करावा, म्हणजे त्या स्वराची साधारण कल्पना येईल. इंग्रजीत एका झटक्याचा असलेला शब्द त्यामुळे रा-इ-सु असा तीन पावलांनी चालू लागतो. जोडाक्षरे आली की ही पावले आणखी वाढतात. 'ख्रिसमस'ची पाच होतात. याला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. 'इस्कूल' आणि 'गिलास' म्हणणारी माणसे याच देशात आहेत, आणि त्यांनी केले ते हेच: परक्या शब्दाला आपल्या जिभेला पेलेल असा एक स्वर बहाल केला.

पहिले टोक अधिक कठीण. कोरियन लिपीत 'र' आणि 'ल' यांना मिळून एकच अक्षर आहे, आणि कोरियन कानालाही तो एकच वर्ण वाटतो. दोन स्वरांच्या मध्ये तो आला की ऐकू येतो हलका 'र'; अक्षराच्या शेवटी आला किंवा दुहेरी झाला की ऐकू येतो 'ल'. बोलणाराला आपण दोन निरनिराळे ध्वनी काढतो याची जाणीवही नसते. त्यातून शब्दाच्या आरंभी हा वर्ण येणे कोरियन भाषेला मूळचेच रुचत नाही. चिनी भाषेतून आलेल्या शब्दांत तो आरंभी होता, तर दक्षिणेकडील प्रमाणभाषेने त्याचा 'न' केला किंवा तो गाळून टाकला. श्रम या अर्थाचा शब्द उत्तर कोरियात 'रोदोंग' आहे, दक्षिणेत 'नोदोंग'. 'री' हे आडनाव दक्षिणेत नुसते 'ई' राहिले. जगाला ते 'ली' म्हणून ठाऊक आहे, ही आणखी एक गंमत. अशा भाषेत वाढलेल्या मुलासमोर 'राइस' आणि 'लाइस' हे दोन शब्द ठेवले, तर त्याला ते एकच भासतात. पहिल्याचा अर्थ तांदूळ, दुसऱ्याचा अर्थ उवा. इंग्रजी शिकणाऱ्या पूर्व आशियाई माणसाची थट्टा करण्यासाठी ही जोडी इतकी वापरली गेली आहे की तिच्यातला विनोद केव्हाच शिळा झाला. थट्टेचा ओरखडा मात्र ताजा राहतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना ही गोष्ट अनुभवाने कळावी. दिल्लीत किंवा कलकत्त्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी काळ्यांचे 'काले' आणि टिळकांचे 'तिलक' झालेले कितीदा ऐकले असेल! काल आणि काळ, वेल आणि वेळ यांतला भेद मराठी मुलाला सूर्यप्रकाशासारखा स्वच्छ; तोच हिंदी भाषिक मित्राला चार वेळा सांगूनही पटत नाही. मित्राची जीभ तोकडी नसते, आणि कानही बधिर नसतो. त्याच्या भाषेला त्या भेदाची गरज कधी पडलेली नसते, इतकेच.

आणि कोरियन भाषेने याचा सव्याज वचपा काढून ठेवला आहे. तांदळाला कोरियनमध्ये 'स्साल' म्हणतात हे वर आलेच. त्यातला सकार ताणलेला, घट्ट आहे. तोच सैल सोडून 'साल' म्हटले की अर्थ होतो मांस, अंगावरचे मांस. इंग्रजी भाषिक विद्यार्थी हे दोन शब्द आळीपाळीने ऐकतो आणि हताश होतो. त्याला दोन्ही सारखे वाटतात. दुकानात जाऊन तांदूळ मागताना तो काय मागून बसेल याचा नेम नाही. इतकेच नव्हे, खुद्द कोरियाच्या आग्नेयेस, बुसान आणि देगू ही शहरे ज्या ग्योंगसांग प्रांतात येतात तेथील बोलीत हा भेद परंपरेने नाही. तेथील जुन्या पिढीची माणसे तांदळालाही 'साल' म्हणतात, आणि राजधानीतले लोक त्यांना हसतात. म्हणजे 'राइस'ला चुकणारा हसला जातो, आणि 'स्साल'ला चुकणाराही हसला जातो, धान्य तेच. मराठीत प, फ, ब, भ असा चौपदरी भेद आहे, त्याचा अभिमान बाळगणाऱ्यानेही कोरियन भाषेतले सैल, ताणलेले आणि महाप्राण असे तीन प्रकारचे 'प' एकदा ऐकून पाहावेत. पहिल्या दोहोंत त्याची गल्लत झाल्यावाचून राहणार नाही. वर ज्याला 'बाप' म्हटले, त्याचा पहिला वर्णसुद्धा धड ब नाही आणि धड प नाही.

कोरियन विद्वानांना आपल्या वर्णाचे हे दुहेरी स्वरूप ठाऊक नव्हते असे मात्र समजू नये. राजा सेजोंग याने १४४३ साली नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. आज तिला हंगुल म्हणतात. त्या वेळी राजाच्या पंडितांनी लिहिलेला विवरणग्रंथ पुढे शतकानुशतके दृष्टीआड राहिला आणि १९४० साली सापडला. उच्चार करताना जीभ, दात, ओठ, कंठ यांचा जो आकार होतो त्यावरून अक्षरांचे आकार बेतले, असे त्यात सांगितले आहे. 'र-ल' या वर्णाला तेथे 'अर्धजिव्ह' अशा अर्थाचे नाव आहे. आणि पुढे एक विलक्षण टीप आहे. तिचा आशय असा: अर्धजिव्ह ध्वनीचे जड आणि हलका असे दोन प्रकार आहेत, आपल्या देशभाषेत त्यांचा भेद केला जात नाही, आणि न केला तरी चालते, पण ज्याला तो दाखवावयाचा असेल त्याने त्या अक्षराखाली एक लहान वर्तुळ काढावे, म्हणजे जीभ टाळूला किंचितच लावून काढलेला हलका ध्वनी होईल. इंग्रजीचा वारा कोरियाला लागण्याच्या चारशे वर्षांहून अधिक आधी हे लिहिले गेले. भेद कानांनी टिपला होता, त्याला चिन्हही दिले होते. फक्त ते कोणाला लागले नाही.

ते लागण्याची वेळ आली १८८२ नंतर. त्या वर्षी कोरियाने अमेरिकेशी तह केला आणि दुभाष्यांची निकड भासू लागली. १८८३ साली सरकारने दुभाषी तयार करण्यासाठी एक शाळा काढली, आणि १८८६ साली राजाश्रयाने दुसरी काढून तिच्यासाठी अमेरिकेहून तीन शिक्षक आणले. मिशनऱ्यांच्या शाळाही याच सुमारास सुरू झाल्या. या साऱ्यांत कानावर पडणारे इंग्रजी प्रत्यक्ष इंग्रजी भाषिकाचे होते. पण ते भाग्य थोड्यांचे. बाकीच्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी १९०८ साली एक पुस्तक निघाले, आणि या हकिकतीतला सर्वांत मनोरम भाग तोच आहे.

पुस्तकाचे नाव 'आहाक-प्योन', म्हणजे बालकांच्या अभ्यासाचे पुस्तक. मूळ रचना जोंग याक-योंग या थोर पंडिताची. १८०१ ते १८१८ अशी अठरा वर्षे तो दक्षिणेकडे हद्दपारीत होता. मुलांना चिनी अक्षरे शिकविण्यासाठी जे पारंपरिक सहस्राक्षरी पुस्तक होते, ते त्याला पसंत नव्हते. त्यात शब्दांची संगती नाही, आकाश-पृथ्वी म्हणता म्हणता एकदम काळे-पिवळे सुरू होते, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने दोन हजार अक्षरे अर्थाच्या कुळाप्रमाणे लावली, एक हजार डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची आणि एक हजार न दिसणाऱ्या गोष्टींची. सुमारे शतकानंतर हे पुस्तक हाती घेतले जी सोक-योंग याने. हा गृहस्थ देवीच्या लशीसाठी प्रसिद्ध आहे. १८७९ साली बुसान येथील जपानी रुग्णालयात त्याने लस टोचण्याची विद्या शिकून घेतली आणि पहिली लस आपल्या पत्नीच्या दोन वर्षांच्या धाकट्या भावाला टोचली. पुढे १८९९ साली सरकारी वैद्यकीय शाळेचा तो प्रमुख झाला. अशा माणसाला भाषेचेही वेड होते. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने जुन्या पुस्तकातील प्रत्येक अक्षरासमोर कोरियन, चिनी, जपानी आणि इंग्रजी शब्द दिले, आणि इंग्रजीचा उच्चार कोरियन लिपीत लिहिला.

त्या पुस्तकात 'राइस' हा शब्द 'उ-राइस्सु' असा लिहिलेला आहे. 'लर्न' म्हणजे शिकणे हा शब्द 'उल-लॉ-ऑन' असा. पहिल्यांदा पाहणाराला हे विचित्र वाटेल. आरंभी हा 'उ' आणि 'उल' कोठून आला? पण कोरियन भाषेचा वर सांगितलेला स्वभाव ध्यानात घेतला म्हणजे या युक्तीचे मोल कळते. त्या भाषेत दोन स्वरांच्या मध्ये आपोआप 'र' निघतो, आणि दुहेरी वर्णाचा आपोआप 'ल' होतो. भेद जीभ जाणते. शब्दाच्या आरंभी मात्र तो करण्याची तिला सवय नाही. मग आरंभच पुसून टाकला तर? 'र'च्या आधी एक चोरटा स्वर ठेवला की जीभ नकळत 'र'वर उतरते. 'ल'च्या आधी तोच स्वर आणि एक जादा 'ल' ठेवला की ती नकळत 'ल'वर चिकटते. मूल शाळेत न जाता, इंग्रज माणूस न पाहता, स्वतःच्याच भाषेच्या आधाराने हे दोन ध्वनी वेगळे काढू लागेल. इंग्रजीतला खरा 'र' आणखी निराळा, जीभ कोठेही न टेकविता काढलेला असतो, हे खरे. पण 'उ-राइस्सु' म्हणणाराच्या तोंडून उवा पडणार नाहीत, एवढी निश्चिती या वैद्याने करून दिली होती. परक्या रोगाचा सौम्य अंश टोचून शरीराच्याच शक्तीला जागे करावे, असा त्याचा मूळ धंदा. भाषेतही त्याने जवळपास तेच केले असे म्हणावयास हरकत नाही.

दुर्दैवाने या युक्तीला पुढे वारस मिळाला नाही. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला, आणि १९४५ पर्यंत पुष्कळसे पाश्चात्त्य शब्द जपानी उच्चारांची वस्त्रे नेसून येऊ लागले. जपानी भाषेतही 'र' आणि 'ल' असा भेद नाही. 'राइसु' या रूपाने तो शब्द रोजच्या कोरियन बोलण्यात आला तो याच वाटेने. कालवण ओतलेला 'कारे-राइसु' आणि अंड्याच्या पोळीत गुंडाळलेला 'ओमु-राइसु' आजही तेथे आवडीने खातात. त्यामुळे एक चमत्कारिक वाटणी झाली. वाडग्यात, चमच्याने, आमटीबरोबर खावयाचा तो बाप. बशीत पसरून पाश्चात्त्य थाटाने आला तर राइसु. दाण्याचे तेच, पण पंक्ती निराळी. पुढे १९८६ साली दक्षिण कोरियाच्या शासनाने परकीय शब्दांच्या लेखनाचे नियम ठरविले. त्यांत चालू चोवीस अक्षरांपलीकडे नवे चिन्ह वापरावयाचे नाही असे ठरले. छपाईच्या आणि एकसूत्रतेच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचाच होता. शब्दाच्या मध्ये 'ल' आला तर तो दुहेरी लिहावा ही सोय त्यात आहे, म्हणून 'प्ले' आणि 'प्रे' हे शब्द कागदावर वेगळे राहतात. आरंभी मात्र काहीच सोय नाही. तांदूळ आणि उवा दोन्ही 'राइसु', उजवा आणि उजेड दोन्ही 'राइतु'. जे चिन्ह १४४६ साली सुचले होते आणि जी युक्ती १९०८ साली छापली गेली होती, ती दोन्ही ग्रंथालयात राहिली. जी सोक-योंगचे पुस्तक २०१८ साली पुन्हा छापले गेले, तेव्हा कोरियन वाचकांनीच त्यावर आश्चर्याने बोटे तोंडात घातली.

दरम्यान इंग्रजीचे ओझे वाढतच गेले होते. १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेत ती शिकविली जाऊ लागली. विद्यापीठ, नोकरी, बढती, सर्वत्र तिच्या गुणांची विचारणा. श्रीमंत आणि मध्यमवर्गीय घरांत मूल बोलू लागण्यापूर्वीच त्याच्या 'र'ची काळजी सुरू झाली. आणि याच वातावरणात, या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, एक बातमी जगभर गेली: कोरियातील काही पालक मुलांना 'र' आणि 'ल' नीट यावेत म्हणून त्यांच्या जिभेखालचा पातळ पडदा शस्त्रक्रियेने कापून घेत आहेत. ही शस्त्रक्रिया खोटी नव्हे. काही मुलांची जीभ जन्मतः खाली जखडलेली असते, त्यांना दूध ओढता येत नाही, बोलता येत नाही. त्यांच्यासाठी ती आहेच. परंतु धडधाकट जिभेवर, केवळ परभाषेतल्या एका वर्णासाठी, सुरी चालवावी ही कल्पना ऐकताना अंगावर शहारा येतो. अशी मुले फार होती असे नव्हे. पण एकही का असावी? दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००३ साली सहा दिग्दर्शकांकडून लघुचित्रपट करवून घेतले, त्यांतला पार्क जिन-प्यो याचा चित्रपट याच विषयावर आहे. त्यात शस्त्रक्रियेचे दृश्य इतके उघडपणे दाखविले आहे की प्रेक्षकाला पडद्याकडे पाहवत नाही. दिग्दर्शकाचा हेतूही तोच असावा.

जीभ आखूड असती, तर अमेरिकेत वाढलेली कोरियन मुले 'राइस' म्हणताना अडखळली असती. ती अडखळत नाहीत. जी जीभ 'सारांग' म्हणजे प्रेम या शब्दात रकार काढते आणि 'माल' म्हणजे बोलणे या शब्दात लकार काढते, तिला या दोहोंपैकी काही अशक्य आहे असे म्हणणेच चुकीचे. अडते ते कानात. अर्भकांवर जे प्रयोग झाले आहेत, त्यांतून एवढे दिसले आहे की सहा-आठ महिन्यांचे जपानी बालक 'र' आणि 'ल' यांतला फरक अमेरिकन बालकाइतकाच ओळखते. वर्षाचे होईपर्यंत मात्र त्याचा कान मातृभाषेला लागणारे भेद तेवढे ठेवतो आणि बाकीच्यांकडे लक्ष देणे सोडतो. मातृभाषा झपाट्याने यावी म्हणून निसर्गाने केलेली ही काटकसर आहे. ती कायमची नसते, हेही प्रयोगांनी दाखविले आहे: निरनिराळ्या माणसांच्या आवाजांतल्या अशा जोड्या आठवडेच्या आठवडे ऐकविल्या, प्रत्येक उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे सांगितले, तर प्रौढांचेही कान सुधारतात. काम कंटाळवाणे आहे, सावकाश होणारे आहे. पण त्यात रक्त सांडत नाही.

आजही हा शब्द शिकणाऱ्या मुलाची खरी कसोटी नोव्हेंबर महिन्यातील एका गुरुवारी लागते. 'सुनुंग' नावाची विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा १९९३ पासून चालू आहे. त्या दिवशी कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, म्हणजे रस्ते मोकळे राहतात. सकाळी घरात शेवाळाचे सार करीत नाहीत, कारण ते बुळबुळीत, आणि घसरणे म्हणजे नापास होणे. दुपारचे जेवण मुलांनी घरूनच आणावयाचे असते. आईने डब्यात भरून दिलेला बाप ती वर्गातच बसून खातात. त्यानंतर लगेच इंग्रजीचा तास, आणि त्याचा पहिला भाग ऐकण्याचा. दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी देशभरातील विमानांचे उड्डाण आणि उतरणे थांबते; आकाशात असलेली विमाने उंचावरच घिरट्या घालीत राहतात. खाली हजारो वर्गांत ध्वनिवर्धकातून इंग्रजी शब्द येऊ लागतात, आणि मुले पेन्सिली हातात धरून, श्वास रोखून ते ऐकत असतात. १ वाजून ४० मिनिटांनी विमाने पुन्हा उतरू लागतात.